जमीन कुणाच्या नावावर हाय? : नागाळा पार्कातल्या एका फ्लॅटची विक्री

गेली सोळा वर्षं मी कोल्हापुरातल्या हाऊसिंग सोसायट्यांचं दप्तर लिहितो. सभांची इतिवृत्तं, मेंटेनन्सची बिलं, ऑडिटरला लागणारे कागद, शेअर सर्टिफिकेटच्या पाठीमागच्या नोंदी. एवढ्या काळात फ्लॅट हातबदल होताना पुष्कळ पाहिले, बहुतेकांत सांगण्यासारखं काही नसतं. हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं, कारण यात फ्लॅट पसंत पडायला एक तास लागला आणि विसारापासून खरेदीपत्रापर्यंत सात महिने गेले. त्या सात महिन्यांत फ्लॅटमधला एक खिळासुद्धा हलला नाही. हलले ते सगळे कागद. त्यातला एक कागद मीच चुकवलेला होता, तेही पुढं येईल.

माणसांची आणि इमारतीची नावं देत नाही, रकमा ठोकळ केल्या आहेत.

इमारत नागाळा पार्कात, नदीकडं उतार लागतो त्या बाजूला. पार्किंगवर सात मजले, मजल्याला चार दारं, एकूण अठ्ठावीस फ्लॅट. ताबे २००४ साली मिळाले, सोसायटी २००६ साली नोंदली. मुंबईच्या माणसाला सात मजल्यांचं कौतुक सांगितलं तर तो हसेल, पण तेव्हा आमच्याकडं रिक्षावाल्याला नुसतं ‘टॉवर’ म्हटलं की तो बरोबर गेटासमोर उभा करायचा. डिसेंबर २०२० मध्ये राज्यभराची एकत्रित बांधकाम नियमावली आली आणि मग खरे उंच टॉवर दिसू लागले. आता आमचा टॉवर त्यांच्या सावलीत आहे.

फ्लॅट पाचव्या मजल्यावरचा, थ्री बीएचके. घेतला तो एका गृहस्थांनी, त्यांना इथं काका म्हणतो, सरकारी नोकरीतून निवृत्त होताना. काका २०२१ साली गेले. मागं काकी, थोरला मुलगा पुण्यात आयटीत, मुलगी इचलकरंजीला दिलेली, धाकट्याचं शिवाजी उद्यमनगरात मशीन शॉप. काकी आणि धाकटा तिथं राहायचे. धाकट्यानं कळंब्याकडं प्लॉट घेऊन घर बांधलं, काकींचे गुडघे लिफ्टच्या भरवशावर राहायला तयार नव्हते, म्हणून विकायचं ठरलं. जानेवारी २०२५ मध्ये एजंटानं जाहिरात टाकली: नागाळा पार्क, ऐसपैस १४५० स्क्वेअर फूट, कव्हर्ड पार्किंग, चोवीस तास पाणी, ८८ लाख.

या एका ओळीतलं जवळजवळ प्रत्येक विशेषण पुढं वादात सापडलं.

फेब्रुवारीत आजऱ्याकडचं एक कुटुंब बघायला आलं. सर आणि मॅडम दोघंही शिक्षक, मॅडमची बदली कोल्हापूरजवळ झालेली. दोन मुलं, सरांचे आई-वडील आणि शिकायला येणारा एक पुतण्या. सात माणसं. त्यांच्या दृष्टीनं तीन बेडरूम ही चैन नव्हती, हिशेब होता. सर गणिताचे, त्यांनी टेप आणली होती. मला बोलावलं होतं ते थकबाकी सांगायला, पण टेपचं दुसरं टोक धरायला मीच उभा राहिलो. भिंतीच्या आतून मोजलेला चटई एरिया भरला १०४० फूट. १४५० मधले उरलेले चारशे दहा फूट जिना, पॅसेज, लिफ्ट आणि बिल्डरच्या औदार्यात वाटले गेलेले. महारेरा, म्हणजे बिल्डरांवरचं नियामक प्राधिकरण, येण्याआधीच्या इमारतींत हे सर्रास आहे आणि विकणाऱ्याला ते खोटं वाटतच नाही, कारण त्यानंही १४५० चेच पैसे मोजलेले असतात.

आजींना एरियाशी घेणं नव्हतं. त्यांचा एकच प्रश्न होता, घनसाळची पोती कुठं ठेवायची? वर्षाचा तांदूळ घरचा, चार पोती तरी होतातच. किचनला लागून एक टेरेस होता. काकांनी त्यावर पत्रा आणि सरकत्या काचा बसवून खोलीसारखा केला होता. मंजूर नकाशात तो उघडा आहे, बँकेच्या व्हॅल्युअरनं नंतर त्याचा एक फूटही धरला नाही. पण आजी तिथं उभ्या राहिल्या, वाऱ्याची दिशा बघितली आणि म्हणाल्या, “हितं मावतील.” सौदा खरं तर तिथंच झाला. कागदावर जी खोली नाही तिनं फ्लॅट विकला.

सरांचे वडील, आबा, तोवर गप्प होते. हयातभर शेती केलेला माणूस. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “साहेब, उतारा कुठाय? जमीन कुणाच्या नावावर हाय?”

धाकटा हसला. “आबा, फ्लॅटला सातबारा नसतो.”

“सातबारा नसंल. कायतरी असंलच की. इमारत आभाळात न्हाई उभारत.”

मी सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड काढून देतो म्हणालो. म्हणालो खरा, पण माझ्या पोटात गोळा आला. त्या कार्डावर कुणाचं नाव आहे हे मला माहीत होतं.

इथं थोडं थांबून सांगायला हवं, कारण कोल्हापुरात ‘अपार्टमेंट’ हा शब्द लोक दोन अगदी वेगळ्या गोष्टींना वापरतात. एक प्रकार १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालचा. त्यात घोषणापत्र होतं, प्रत्येक फ्लॅटचं स्वतंत्र डीड ऑफ अपार्टमेंट होतं आणि जमिनीतला अविभक्त हिस्सा त्या फ्लॅटबरोबर येतो. आपल्या शहरात अशा इमारती भरपूर आहेत. दुसरा प्रकार सहकारी सोसायटी, १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखालची. तिथं जमीन आणि इमारत सोसायटीची असते, सभासदाकडं असतात शेअर आणि त्या शेअरांच्या जोरावर फ्लॅटचा भोगवटा. या फ्लॅटचं शेअर सर्टिफिकेट पाच शेअरांचं आहे, प्रत्येकी पन्नास रुपये. म्हणजे ८८ लाखांच्या जाहिरातीमागं सोसायटीच्या दप्तरात उभा होता तो अडीचशे रुपयांचा एक जाड कागद. कागद साधा आहे, पण तो ज्या संस्थेचा आहे तिची तब्येत कशी आहे यावर त्याची किंमत ठरते. आणि तब्येत बघायला कुणी येत नाही. येतात ते टाइल्स बघतात.

आबांना मी हे समजावलं. त्यांनी नीट ऐकलं आणि पुन्हा तोच प्रश्न उलटा केला. “म्हंजे जमीन सोसायटीच्या नावावर पायजे. हाय?”

नव्हती. कार्डावर मूळ जमीनमालकाचं नाव होतं, तेही वारलेल्या माणसाचं. सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरनं जमीन आणि इमारत तिच्या नावानं करून द्यायची असते, १९६३ च्या सदनिका कायद्याखालच्या नियमांत तसं आहे. ते झालं नाही. बिल्डरची भागीदारी फर्म मोडली, एक भागीदार परदेशात, मूळ मालकाचे वारस वाढत गेले. २००८ साली कायद्यात दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरणाची सोय आली, ज्याला सगळे डीम्ड कन्व्हेयन्स म्हणतात: बिल्डर करून देत नसेल तर सोसायटीनं जिल्हा उपनिबंधकांकडं अर्ज करायचा. आमच्या सोसायटीच्या दर वार्षिक सभेत हा विषय ‘आयत्या वेळचे विषय’ यात यायचा आणि पुढच्या वर्षावर जायचा. इतिवृत्त मीच लिहायचो. दरवर्षी तेच वाक्य, फक्त तारीख बदलायची.

तरी आबांनी विसार द्यायला ना केली नाही. एक लाख दिले, पण विसारपावतीवर अट घातली की सोसायटीनं कन्व्हेयन्सचा अर्ज दाखल केल्याशिवाय खरेदीपत्र होणार नाही. धाकट्याला वाटलं, म्हातारा भाव पाडायला बघतोय. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं.

पण कन्व्हेयन्सच्या आधी एक दुसरंच लचांड निघालं, आणि ते माझं.

काकांनी नॉमिनी म्हणून काकींचं नाव दिलेलं होतं. काका गेल्यावर २०२२ मध्ये धाकट्यानं मृत्यूचा दाखला आणि अर्ज आणून दिला, कमिटीनं ठराव केला आणि मी सर्टिफिकेटच्या मागं काकींचं नाव सभासद म्हणून चढवलं. अनेक सोसायट्यांत अजून असंच चालतं. पण २०१९ च्या दुरुस्तीनं सहकार कायद्यात गृहनिर्माण सोसायट्यांसाठी १३-ब हे वेगळं प्रकरण आलं आहे, आणि त्यातल्या कलम १५४ब-१३ प्रमाणं नॉमिनीला घ्यायचं ते तात्पुरता सभासद म्हणून. वारसाहक्कानं किंवा मृत्युपत्रानं खरा हक्कदार कोण ते ठरेपर्यंत. नॉमिनी हा राखणदार, मालक नव्हे. मला हा फरक माहीत होता. पण घरचीच माणसं, भांडण कुणाचं नाही, कशाला काकींना ‘तात्पुरती’ म्हणायचं, असा विचार केला. तो विचार बँकेच्या वकिलानं सर्च रिपोर्ट काढताना पहिल्या तासात पकडला. नॉमिनेशनवर विक्री करून घेणार नाही, सगळे वारस दाखवा.

काकांचं मृत्युपत्र नव्हतं. हिंदू वारसा कायद्यानं पहिल्या वर्गातले वारस चार: बायको, दोन मुलं, मुलगी. चौघांना सारखा, चौथा चौथा हिस्सा. थोरल्यानं पुण्याहून फोनवर मार्ग काढला. “सोपं आहे. आम्ही तिघं आईच्या नावानं हक्कसोड करून देतो. ताईची सही मी घेतो.” नात्यातल्या हक्कसोडपत्राला मुद्रांक नाममात्र असतो, म्हणून सगळे त्याच वाटेनं जातात. वकिलानं मसुदाही टाइप केला. ताईला तो व्हॉट्सॲपवर गेला, तोवर तिला विक्रीचा भाव कुणी सांगितलेला नव्हता.

रविवारी ती इचलकरंजीहून एसटीनं आली. तिच्याच मोठ्या खोलीत, म्हणजे लग्नाआधीच्या, आम्ही बसलो होतो. मसुदा टेबलावर ठेवून ती म्हणाली, “सही करतो की मी. कुठं नाही म्हणालो? पण हक्क सोडून नाही. विकून. माझा चौथा हिस्सा माझ्या खात्यावर येऊ दे, मग आईला काय द्यायचं ते मी देतो.”

धाकटा म्हणाला, “अगं, तुझ्या लग्नात बाबांनी...”

“लग्नाचं लग्नात झालं.”

थोरला व्हिडिओ कॉलवर होता, त्याची प्रतिमा नेमकी तेव्हा थिजली. नेट गेलं होतं की काय, देव जाणे. काकी पदराशी चाळा करत बसल्या होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “तिचं बरोबर हाय.” आणि चहा टाकायला उठल्या.

कागदाच्या बाजूनं बघितलं तर ताईनं सगळ्यांचं काम सोपं केलं. हक्कसोड रद्द, चौघंही लिहून देणार म्हणून खरेदीपत्रात उभे राहिले. फक्त बँकेनं तहसीलच्या वारस दाखल्यावर न थांबता दिवाणी कोर्टाचं वारसा प्रमाणपत्र मागितलं. ते अजूनही १८२७ च्या रेग्युलेशनखाली मिळतं, पेपरात जाहीर नोटीस देऊन, हरकतींची वाट बघून. मार्चमध्ये अर्ज केला, जुलैत हातात आलं. मधल्या काळात कमिटीनं ठराव करून माझी २०२२ ची नोंद दुरुस्त केली. इतिवृत्तात ‘नजरचुकीने’ असा शब्द आहे. तो मीच घातला. नजरचूक नव्हती.

या चार महिन्यांत पाऊस सुरू झाला, आणि आबा दोनदा एकटेच येऊन गेले. फ्लॅट बघायला नव्हे, पार्किंग बघायला.

कोल्हापुरात घर घेणाऱ्याला राजाराम बंधाऱ्याचे आकडे पाढ्यासारखे पाठ असतात. एकोणचाळीस फुटांना इशारा, त्रेचाळीसला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगा तिथं पंचावन्न फुटांच्या वर गेली होती. २००५ चा पूर ज्यांनी पाहिला होता तेही म्हणाले की हे वेगळंच आहे. जाहिरातीत याचा उल्लेख नव्हता, असणार तरी कसा? सरांनी विचारलं तेव्हा धाकटा म्हणाला, “आमच्या फ्लॅटमध्ये कधी पाणी आलेलं नाही.” शब्दशः खरं. पाचव्या मजल्यावर पाणी आलं तर कोल्हापूर उरणारच नाही.

आबा वॉचमनकडं गेले. दोघांची गावं शेजारशेजारची निघाली, तंबाखू झाली. पार्किंगच्या खांबांवर गेल्या दिवाळीत नवा रंग दिलेला, खुणा गेलेल्या. वॉचमननं आपल्या खोलीतलं कॅलेंडर उचललं. मागं भिंतीवर पिवळट दोन रेघा होत्या, कमरेच्या जरा वर, एकमेकींपासून वीतभर अंतरावर. “ही एकोणीसची, ही एकवीसची.” त्या खोलीला रंग द्यायचं कमिटीच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

फ्लॅटमध्ये पाणी आलं का, हा पूरपट्ट्यात विचारण्याचा प्रश्नच नव्हे. लिफ्टच्या खड्ड्यात किती आलं, मीटर कुठं आहेत, पाण्याची मोटर कुठं आहे, जनरेटर असेल तर तो कुठल्या उंचीवर आहे, हे विचारायचं. २०१९ ला आमचं मीटर बोर्ड पाण्याखाली गेलं. पुढचे कित्येक दिवस वर वीज नव्हती आणि शहरातली उपसा केंद्रंच बुडाल्यानं नळालाही पाणी नव्हतं. काका-काकी पाचव्या मजल्यावर होते. खाली समुद्रासारखं पाणी आणि वर प्यायला बादली मोजून. धाकटा बोटीतून येऊन गेटाशी पिशवी देऊन जायचा आणि काका दोरीला बांधून ती वर ओढायचे. त्यानंतर सोसायटीनं मीटर पहिल्या मजल्याच्या जिन्यात नेले. त्यामुळं २०२१ ला वीज लवकर परत आली. लिफ्टचं यंत्र वर आहे, पण खड्ड्यातले स्प्रिंग आणि केबल दोन्ही वेळा बदलावे लागले. हे सगळं माझ्या दप्तरात खर्चासकट होतं. मी सरांना ती पानं दाखवली. चेअरमनना आवडलं नाही. “तुम्ही आमचे का त्यांचे?” असं विचारलं. मी म्हटलं, दप्तराचा.

पूररेषेचा प्रश्न राहिला. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आमच्याकडं दोन वर्षांत दोनदा पाणी येऊन गेल्यावर या व्याख्या ऐकून लोक नुसते बघतात. इमारत दोन्ही रेषांच्या मधल्या पट्ट्यात येते, तिथं बांधकामावर बंधनं असतात. आज राहणाऱ्याला त्यानं काही बिघडत नाही, पण वीस वर्षांनी इमारत पाडून नवी बांधायची म्हटली तर किती आणि कशी बांधता येईल हे त्यावरही अवलंबून राहील. आणि पुनर्विकास म्हटला की पुन्हा तोच प्रश्न: जमीन कुणाची? सोसायटीच्या नावावर जमीन नसेल तर करार कोण करणार, जादा एफएसआयचा, म्हणजे जादा बांधकामाच्या परवानगीचा, फायदा कुणाच्या पदरात पडणार? आबा हे असं बोलत नव्हते, एफएसआय हा शब्द त्यांना माहीतही नसेल. पण त्यांचं बोट नेमक्या जागेवर होतं. भाव पाडायला म्हातारा उकरून काढतोय हे माझं मत मी तेव्हा मनातल्या मनात मागं घेतलं.

जुलैत विशेष सर्वसाधारण सभा लागली. निमित्त या विक्रीचं, पण सभेत समजलं की दुसऱ्या मजल्यावरच्या एकाचं गिऱ्हाईक कन्व्हेयन्स नाही म्हणून वर्षापूर्वीच परत गेलं होतं. तो लाजून बोलला नव्हता. ठराव झाला. अर्जाला सगळ्या सभासदांच्या नोंदणीकृत करारांची यादी लागते, इंडेक्स टू म्हणजे नोंदणीच्या उताऱ्यासकट. अठ्ठावीसपैकी सत्तावीस मिळाल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजोबांचा करार शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर, नोंदणीच नाही. डिसेंबर २०२३ मध्ये आलेली थकलेलं मुद्रांक शुल्क सवलतीत भरायची अभय योजना त्यांच्या दारावरून निघून गेली होती. आता थकलेल्या शुल्कावर महिन्याला दोन टक्के दंड, जास्तीत जास्त चौपट. आजोबा सभेत उठून म्हणाले, “वीस वर्षं मी या सोसायटीचा सभासद आहे, आजच कळलं मी कुणीच नाही.” त्यांच्या वतीनं वेगळा अर्ज चालू आहे. सोसायटीचा अर्ज ऑगस्टमध्ये दाखल झाला.

त्याच सभेत चेअरमननी आणखी एक विषय काढला, नव्या सभासदाकडून एक लाख ‘विकास निधी’. लिफ्ट बदलायची आहे, पैसे नाहीत, हे खरं होतं. पण हस्तांतरणाचं अधिमूल्य महापालिका हद्दीत २५ हजारांच्या वर घेता येत नाही, ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकापासून तसं आहे, आणि देणगी असं नाव दिलं तरी सक्तीची रक्कम ती सक्तीचीच. शिवाय हस्तांतर शुल्क पाचशे, प्रवेश शुल्क शंभर. मी आकडे वाचून दाखवले. मागून कुणीतरी म्हणालं, “एवढ्यात लिफ्टचा बटणसुद्धा येत नाही.” बरोबरच आहे. पण लिफ्ट जुनी झाली ती सत्तावीस जणांच्या वापरानं, नव्या माणसानं तिची किंमत एकट्यानं का भरायची? पंचवीस हजार ठरले, दोन्ही बाजूंनी निम्मे निम्मे. उपविधीप्रमाणं ते विकणाऱ्यानं द्यायचे, पण कोल्हापुरात निम्मे निम्मे हीच पद्धत आहे आणि त्यात कुणाला अन्याय वाटत नाही.

पार्किंगचं पटकन सांगतो. काकांनी बिल्डरला साठ हजार देऊन स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली, एक जागा ‘विकत’ घेतली होती, पावतीसकट. सुप्रीम कोर्टानं २०१० मध्येच स्पष्ट केलं आहे की स्टिल्ट पार्किंग म्हणजे स्वतंत्र सदनिका नव्हे, बिल्डरला ते वेगळं विकता येत नाही. जागा सोसायटीची, वाटप सोसायटीचं. खरेदीपत्रातून पार्किंगचं कलम वगळलं आणि तीच जागा नव्या सभासदाला देण्याचा ठराव झाला. सरांकडं तूर्त एक स्कूटर आहे.

भाव ७६ लाखांवर मिटला. ८८ मधून हे बारा लाख कुठं गेले याचा हिशेब कुणी मांडला नाही, पण मला दिसतो तो असा: थोडे १४५० आणि १०४० च्या मधल्या दरीत, थोडे कॅलेंडरमागच्या रेघांत आणि बरेचसे प्रॉपर्टी कार्डावरच्या त्या वारलेल्या माणसाच्या नावात. शिवाय कन्व्हेयन्सच्या खर्चातला या फ्लॅटचा वाटा विकणाऱ्यांनी आधीच सोसायटीत भरला, ही आबांची शेवटची अट.

खरेदी एकट्या मॅडमच्या नावानं झाली. कोल्हापुरात मुद्रांक पाच टक्के आणि वर एक टक्का स्थानिक संस्थेचा अधिभार, बाईच्या एकटीच्या नावावर घर असेल तर एक टक्का सवलत. ७६ लाखांवर ते ७६ हजार. सर कर्जात सहकर्जदार आणि सोसायटीत सहयोगी सभासद. नोंदणी फी तीस हजार, ती कमाल मर्यादाच आहे. सरांच्या वडिलांना सुनेच्या नावावर घर करण्यात काही वावगं वाटलं नाही. थोरल्याला मात्र आश्चर्य वाटलं, पुण्यात राहूनही.

टीडीएसवर, म्हणजे घेणाऱ्यानं रक्कम देतानाच कापायच्या करावर, एक गंमत झाली. प्रत्येकाचा हिस्सा १९ लाखांचा, म्हणजे पन्नास लाखांच्या आत, म्हणून टीडीएस लागत नाही असं धाकट्याच्या ओळखीतल्या कुणीतरी सांगितलं होतं. ऑक्टोबर २०२४ पासून विकणारे कितीही असले तरी एकूण किंमत धरायची असते. एक टक्का कापला, चौघांच्या पॅनवर चार वेगळे फॉर्म. भांडवली नफ्यात दुसरंच दुखणं निघालं. काकांनी २००४ साली साडेचौदा लाख दिले होते, पण कागदावर अकराच. बाकीचे तेव्हा रोखीनं गेले, सगळ्यांचेच जायचे. आता खरेदीची किंमत म्हणून अकराच धरले गेले. महागाई निर्देशांक लावून वीस टक्के आणि न लावता साडेबारा टक्के, दोन्ही करून बघितलं, चौघांत मिळून फरक साडेचोवीस हजारांचा. सीएनं पहिली पद्धत घेतली. एकवीस वर्षांपूर्वी स्टॅम्पचे वाचवलेले थोडे रुपये मुलांनी असे व्याजासकट भरले.

पितृपंधरवड्यात कुणी सही करणार नव्हतं. घटस्थापना २२ सप्टेंबरला होती, खरेदीपत्र त्यानंतर दोन दिवसांनी झालं. दुय्यम निबंधकांकडं चौघं ओळीनं अंगठे देत होते तेव्हा ताई सगळ्यात शेवटी बसली. तिच्या खात्यावरचा चेक तिनं दोनदा वाचला, पर्समध्ये ठेवला आणि काकींना विचारलं, “कळंब्याला जिन्याला कठडा बसवलाय का दोन्ही बाजूंनी?” धाकट्यानं एकाच बाजूला बसवला होता.

दसऱ्याला नव्या मंडळींनी वास्तुशांत केली. घनसाळची पोती टेरेसवर लागली, खाली फळ्या टाकून, ओल लागू नये म्हणून. चेअरमन जेवायला आले होते. सोसायटीचं अग्निशमनचं प्रमाणपत्र, जे दर जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं, ते दोन वर्षांपासून दिलेलं नाही, असं सरांनी पंगतीतच विचारून घेतलं. चेअरमननी माझ्याकडं बघितलं. मी बासुंदीकडं.

कन्व्हेयन्सच्या अर्जावर सुनावणी चालू आहे. कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, पण मूळ मालकाच्या एका वारसाला नोटीस पोहोचायचीच आहे. आबांचा मला महिन्यातून एकदा फोन येतो. तब्येत, पाऊस, ऊस तुटला का, आणि मग शेवटी, “साहेब, उतारा आला का?”

“अजून नाही, आबा.”

“बरं. पुढच्या महिन्यात करतो.”